आधी चेन पाहा, मग स्क्रूला हात लावा
जुनी चेनसॉ यंत्रे वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मशीन सुरू होते, रेसही घेते, पण लाकडात घातले की दम सोडते." आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांची तक्रार बहुधा याच शब्दांत सांगितली जाते. त्यापुढचे वाक्य मात्र आम्ही खोदून विचारल्यावरच कळते, आणि ते असे असते : "म्हणून कार्बुरेटरचा स्क्रू जरासा फिरवून पाहिला." हे पत्रक त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे, कारण पहिल्या तक्रारीचे काम अर्ध्या तासाचे असते आणि दुसऱ्याचे कधी कधी महिनाभर रेंगाळते.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःच्या वंगणासाठी ऑइलची वेगळी टाकी सहसा नसते, हे आपणांस ठाऊक आहेच. पिस्टन, रिंग आणि क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जे वंगण पोहोचते, ते पेट्रोलमध्ये मिसळलेलेच असते. कार्बुरेटरवरचा 'एच' अक्षराचा स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होते, त्याबरोबर वंगणही कमी होते, आणि मिश्रणात हवेचे प्रमाण वाढल्यामुळे इंजिन अधिक तापते. दुर्दैवाने याच वेळी इंजिनाचा वेग वाढतो व आवाज चढतो, त्यामुळे मालकाला रोग सापडल्यासारखे वाटते. गेल्या हंगामात असेच एक यंत्र आमच्या टेबलावर आले. सायलेन्सरचे बोल्ट काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून आत बॅटरी मारली, तर पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या राखाडी रेघा होत्या आणि रिंग खाचेत चिकटून बसली होती. इनटेकची बाजू मात्र नव्यासारखी गुळगुळीत होती. ज्या यंत्राचे उत्पादन कधीच बंद झाले आहे, त्याचा पिस्टन मिळवणे म्हणजे शोधत बसणे होय. आणि त्या यंत्राचा मूळ दोष काय होता, तर चेनला धार नव्हती.

म्हणून आमची विनंती अशी की, यंत्र ओढत नाही असे वाटले तर प्रथम खाली पडलेल्या भुशाकडे पाहावे. धारदार चेन लाकडाच्या जाडसर ढलप्या काढते आणि बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी, स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. बोथट चेन पिठासारखा बारीक भुसा काढते, बार दाबावा लागतो, काप तिरका जाऊ लागतो आणि कधी कधी ताज्या लाकडातूनही धूर निघतो. चेनचा एक दात उजेडात धरून त्याच्या कोपऱ्याकडे निरखून पाहिले, तर बोथट धारेवर केसाएवढी पांढरी चकाकती रेघ दिसते. धारदार कडेवर प्रकाश चमकत नाही, कारण तिला चमकण्याएवढी रुंदीच नसते.

या दाताचा आकार कोठून आला, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पूर्वीच्या चेनला साध्या करवतीसारखे ओरबाडणारे टोकदार दात असत आणि त्यांना सतत कानस लावावी लागे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी ओंडका पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे डावीकडून उजवीकडे कसे चालतात ते पाहिले आणि त्यावरून 1947 मध्ये डाव्या-उजव्या हुकांसारख्या दातांची चेन बाजारात आणली. आज आपण वापरतो ती चेन तिचीच वंशज आहे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप त्या बाजूकडे का ओढला जात नाही, उलट लांब दातांच्या बाजूकडे का वळतो, हेही या डाव्या-उजव्या रचनेतूनच लक्षात येते.

धार लावताना कानशीचा व्यास चेनच्या पिचप्रमाणे घ्यावा. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे केले की पिच मिळते. .325 इंच पिचसाठी 4.8 मिमी, आणि पूर्ण आकाराच्या 3/8 इंच पिचसाठी सहसा 5.5 मिमी जाडीची गोल कानस लागते. कानस फक्त पुढे ढकलताना दाबावी, परतताना उचलावी, आणि प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात द्यावेत. दाताच्या पुढचा बुटका उंचवटा, म्हणजे डेप्थ गेज, धारेपेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा लागतो. दात घासून घासून मागे गेले आणि हा उंचवटा तसाच राहिला, तर धार कितीही तीक्ष्ण असली तरी चेन लाकडावरून नुसती घसरते. मात्र हा उंचवटा घाईने जास्त खाली घासू नये, कारण मग चेन लाकडात आदळते, झटके देते आणि जुन्या क्लचवर ताण येतो.

धार जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण लाकूड नसून जमीन आहे. चालती चेन एकदा मातीला टेकली, तरी पुढचा सारा दिवस वाया जातो. ओंडके घोडीवर किंवा दोन आडव्या लाकडांवर उचलून ठेवावेत. दोन टोकांवर टेकलेला ओंडका वरून सुमारे एक तृतीयांश कापून उरलेला काप खालून द्यावा, म्हणजे बार अडकत नाही. बाराचे टोक दुसऱ्या फांदीला लागणार नाही याकडे लक्ष असावे, कारण टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणात अंगावर उसळते आणि बहुतेक फार जुन्या यंत्रांना चेन ब्रेक नसतो.

आता इंधनाविषयी थोडक्यात. जुन्या यंत्रांच्या टाकीवर 16:1 किंवा 25:1 असे पेट्रोल व ऑइलचे प्रमाण लिहिलेले असते, ते त्या काळच्या ऑइलसाठी होते. चांगले टू-स्ट्रोक ऑइल वापरल्यास आम्ही अशा यंत्रांना सहसा 25:1 सुचवतो, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 40 मिलि. प्रमाण बदलले की कार्बुरेटरची जुळणी पुन्हा करावी लागते, कारण ऑइल वाढले की तितके पेट्रोल कमी जाते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा खेचते आणि कार्बुरेटरमधला जुना पडदा व रबरी नळी कडक करते. म्हणून यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

"एवढा स्क्रू लावायला प्रेशर टेस्टचे पैसे कशाला?" असा प्रश्न आम्हांला विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. प्रेशर टेस्ट म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरून ती कोठून गळते का ते पाहणे. क्रँकचे ऑइल सील कडक होऊन हवा आत खेचू लागले, की मिश्रणात हवेचे प्रमाण आपोआप वाढते. त्या अवस्थेत स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवून यंत्र तात्पुरते बरे चालवता येते, पण गळती वाढतच जाते आणि तीच पुढे पिस्टन खाते. म्हणून गळती नाही याची खात्री झाल्याशिवाय आम्ही स्क्रूला हात लावत नाही, आणि शेवटची जुळणी धारदार चेन लावून, इंजिन गरम करून, खऱ्या ओंडक्यात काप देऊनच करतो. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित फडफडता आणि लाकडात शिरताच स्वच्छ झाला पाहिजे. आपणांस स्वतः स्क्रू लावायचाच असेल, तर आधी तो अलगद आत बसेपर्यंत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवावे आणि आत जोराने आवळू नये, कारण सुईच्या टोकाने जेटचे तोंड फाकते.

आमच्याकडे चेनला धार लावून डेप्थ गेज सारखा करून मिळतो. एका स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, तीन चेन आळीपाळीने वापरल्या तर चेन आणि स्प्रॉकेट सारख्याच गतीने झिजतात, म्हणून अशा तीन चेनचा संच आम्ही एकत्र बांधून देतो; कापणीच्या दिवशी बोथट चेन काढून दुसरी चढवायला पाच मिनिटे लागतात. यंत्र आणताना बार व चेन काढून ठेवू नयेत, ते धुऊन चकचकीत करू नये, आणि शेवटचे वापरलेले इंधन एका पारदर्शक बाटलीत थोडेसे सोबत आणावे. स्क्रू फिरवला असेल तर तेही सांगावे. कोणत्या दिशेने आणि किती आटे, हे आठवत असल्यास आमचा अर्धा दिवस वाचतो.