श्वसनविकार, खान्देशातील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नेहमी आढळणारे फुप्फुसांचे व श्वासनलिकांचे आजार. दमा, सीओपीडी, क्षयरोग आणि लहान मुलांचा न्यूमोनिया हे त्यांतले प्रमुख. रोग सगळीकडचे सारखेच. पण ते कशाने बळावतात, हे इथले पीक, सरपण आणि हंगाम ठरवतात. त्यामुळे दम लागतो म्हणून आलेल्या माणसाला ‘बिडी ओढता का’ एवढे विचारून भागत नाही. चूल कशावर पेटते आणि हंगामात काम कुठे असते, हेही विचारावे लागते.

चुलीचा प्रश्न बायकांच्या वाट्याला येतो. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरकाट्या, गोवऱ्या आणि लाकूड हे इथले सरपण. घरात गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अनेक घरांत चुलीवरच होते. बंद स्वयंपाकघरातला हा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की श्वासनलिकांना सूज राहते आणि त्या कायमच्या अरुंद होतात, हाच सीओपीडी. रुग्ण बाई पन्नाशीची, बिडीला कधी हात न लावलेली. सकाळी कफाचा खोकला, मग पाण्याचा हंडा आणताना धाप, पुढे वेणी घालतानाही धाप. घरचे म्हणतात, वय झाले. दवाखान्यात दम्याचे औषध मिळते आणि तपासणी राहून जाते.

दमा येतो-जातो: रात्री, पहाटे छातीत शिट्टी वाजते, दोन झटक्यांच्या मधे माणूस ठणठणीत असतो, आणि बहुधा लहानपणापासूनचा इतिहास असतो. सीओपीडीतली धाप हळूहळू वाढत जाते, पूर्ण उतरत नाही. एक्स-रेवरून हा फरक अनेकदा कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते. छातीभर श्वास घेऊन यंत्रात जोराने फुंकायचे, मग औषध देऊन पुन्हा फुंकायचे, एवढीच ती चाचणी. झालेले नुकसान भरून येत नाही, पण धूर थांबला तर आजाराचा वेग मंदावतो. (शेतात काड्यांवर वांगी भाजून केलेल्या भरिताच्या पार्टीला यात दोष देण्याचे कारण नाही, तो उघड्यावरचा, कधीमधीचा धूर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तासन्‌तास चुलीवरच्या खापरासमोर बसून मांडे करणाऱ्या दमेकरी बाईची गोष्ट मात्र वेगळी.)

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येऊ लागली की ती पथाऱ्यांवर, म्हणजे उघड्या मैदानात, वाळत घातली जाते. देठ खुडायला बसलेल्या बाया नाकातोंडाला ओढणी गुंडाळतात, तरी खोकला थांबत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन श्वासमार्गातल्या मज्जातंतूंना झोंबते. निरोगी माणसाचा ठसका थोड्या वेळात शमतो, दमेकऱ्याला त्यातूनच झटका येऊ शकतो. कापसाच्या धुळीचे दुखणे वेगळ्या चालीचे. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत सैल होते, ही बिसिनोसिसची ओळखीची खूण. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल बंद पडल्या, पण जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांतली, धूळ आहेच. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. बांधावरच्या गाजरगवताचे परागकणही काहींचा दमा उठवतात.

उपचारात सर्वांत मोठी अडचण पंपाच्या, म्हणजे इनहेलरच्या, भीतीची आहे. ‘पंपाची सवय लागते’ हा समज खोटा. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकेत उतरते. याउलट तात्पुरता आराम देणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि सुया वारंवार घेतल्या तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडात धरून दाबतानाच सावकाश श्वास आत घ्यावा, दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर रोखावा. बरेच जण दाबतात आधी आणि ओढतात नंतर, त्यामुळे औषध घशातच राहते; अशांना आणि मुलांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे बसणारी पोकळ नळी, द्यावा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. नुसत्या आरामाच्या पंपावर दमा रेटत राहणे धोक्याचे आहे. सूज कमी करणारे औषध रोज किंवा डॉक्टर सांगतील तसे चालू हवे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. श्रद्धेने कोणी घेतो म्हटला तर घेवो, पण त्या भरवशावर पंप बंद करू नये.

लहान मुलाच्या न्यूमोनियात आधी श्वास मोजावा, तोही मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे दवाखाना. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल दूध ओढत नसेल, तर रात्र काढू नये.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सायंकाळचा ताप, घटते वजन असल्यास थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि निक्षय पोषण या सरकारी योजनेत रुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. धडगाव, अक्कलकुव्याकडून मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्यांचा उपचार नेमका तिथेच तुटतो. निक्षय क्रमांक, म्हणजे रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, सोबत असला तर दुसऱ्या राज्यातही औषध सुरू ठेवता येते. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. अशा रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि धाप एकत्र आली तर ती साधी सर्दी समजू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वाक्य पुरे न करता येणारी धाप, निळसर ओठ किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन करावा. दम्याचा रुग्ण असल्यास गाडी येईपर्यंत त्याला बसते ठेवून साल्ब्युटामॉलचे, म्हणजे आरामाच्या पंपाचे, चार ते दहा दाब स्पेसरमधून एकेक करून द्यावेत. कपाशीवर फवारणी करून आलेल्याची छाती भरली, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती विषबाधा आहे. त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊनच रुग्णालय गाठावे. कोणता उतारा द्यायचा, हे डॉक्टर बाटलीवरचे नाव वाचून ठरवतात.