बालवाडीतील दसरा: आपट्याचे पान आणि कांचनाचे पान

नवरात्र बसले की बालवाडीच्या दाराशी ठेवलेली पानांची टोपली भरू लागते. आजीचा हात धरून येणारी मुले वाटेवरच्या झाडाची पाने खुडून आणतात, कुणाचे वडील बाजारातून जुडी घेऊन येतात, आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी सगळी मुले "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत ती पाने एकमेकांना वाटतात. ही टोपली मी दरवर्षी वर्गातल्या सतरंजीवर ओतते, तेव्हा आपट्याच्या पानांबरोबर, आणि शहरात तर पुष्कळदा त्यांच्याहून जास्त, कांचनाची पाने निघतात. आणणाऱ्या मोठ्यांना दोन्हींतला फरक ठाऊक नसतो, म्हणून तो मुलांपर्यंतही जात नाही. वास्तविक तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हा फरक समजावून सांगण्याची फारशी गरज नसते. दोन्ही पाने हातात दिली की त्यांची बोटेच तो शोधून काढतात.

घोटाळा होतो तो साहजिक आहे. आपटा आणि कांचन ही एकाच कुळातली, इतकेच नव्हे तर एकाच प्रजातिगटातली झाडे आहेत. दोन्हींचे पान टोकाशी दुभंगलेले असते, जणू दोन गोल पाने मधोमध जोडून शिवली आहेत. या गटाला शास्त्रीय भाषेत 'बौहिनिया' म्हणतात आणि ते नाव सोळाव्या-सतराव्या शतकातील जाँ आणि गास्पार बोअँ या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून आले आहे, कारण जोडपान पाहून दोन भावांची आठवण व्हावी हे स्वाभाविकच होते. मुलांना ही गोष्ट फार आवडते, आणि पुढे कितीतरी दिवस ती पानाच्या एका अर्ध्याला दादा व दुसऱ्याला धाकटा म्हणत राहतात. आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा, संस्कृतातला अश्मंतक. कांचन मात्र एक नाही. बागेत आणि रस्त्याच्या कडेला दिसणारे दोन मुख्य: पावसाळा संपता संपता जांभळट गुलाबी फुलांनी बहरणारा देवकांचन, म्हणजे बौहिनिया पर्प्युरिया, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बहुतेक पाने गाळून फुलणारा बौहिनिया व्हेरिगाटा. पांढऱ्या फुलांचा एक झुडूपवजा कांचनही बागांत लावतात. त्याच्या पानाची दोन्ही टोके अणकुचीदार असल्याने तो सहज ओळखू येतो.

पहिली ओळख स्पर्शाने करून द्यावी, डोळ्यांनी नव्हे. जाड कापडाच्या पिशवीत दोन्ही झाडांची चार-चार पाने घालावीत आणि मुलाने न पाहता हात आत घालून सारखी वाटणारी पाने बाहेर काढावीत. आपट्याचे पान जाड, चिवट आणि काहीसे खरखरीत असते. त्याची खालची बाजू करडी, बारीक लव असलेली असते. कांचनाचे पान मोठे, पातळ आणि हाताला मऊ लागते. आपट्याच्या पानाचा हा चिवटपणा मोठ्यांनी पूर्वीपासून हेरलेला आहे, म्हणूनच काही भागांत त्याचा उपयोग विड्या वळण्यासाठी होत आला. पहिल्या दिवशी मी झाडांची नावे मुळीच सांगत नाही. "खरखरीत कुठलं? मऊ कुठलं?" एवढेच विचारते. साडेतीन वर्षांची मुलेही दोन ढीग जवळजवळ अचूक लावतात, आणि ढीग लागल्यावर त्यांना नाव द्यावेसे त्यांनाच वाटते. नाव सांगण्याची ती खरी वेळ. आधी नाव आणि मग वस्तू असा क्रम लावला की मूल पानाकडे न पाहता ताईच्या तोंडाकडे पाहू लागते.

दुसरी खूण आकाराची. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते. लांबी साधारण दोन ते पाच सेंटीमीटर, रुंदी त्याहून थोडी अधिक, त्यामुळे ते बालवाडीतल्या मुलाच्या तळहातावर मावते. देवकांचनाचे पान दहा-पंधरा सेंटीमीटरपर्यंत जाते आणि मुलाचा सगळा पंजा झाकून टाकते. सेंटीमीटर या वयात निरुपयोगी, पण लोकरीचा धागा उपयोगी पडतो. देठ जिथे पानाला मिळतो तिथपासून पानाच्या वरच्या कडेपर्यंत धागा ताणून कापावा आणि मग तोच धागा पानावर आडवा ठेवावा. आपट्याच्या पानावर तो अपुरा पडतो. देवकांचनाच्या पानावर जवळजवळ पुरतो किंवा थोडा उरतो. 'पुरला' आणि 'पुरला नाही' हे मोजमापाचे पहिले शब्द या धाग्याने मुलांच्या तोंडी आपोआप येतात. मात्र एकट्या धाग्यावर निकाल देऊ नये, कारण उन्हाळी कांचनाची काही पाने रुंदीला लांबीपेक्षा जास्त भरतात आणि तिथे धागा फसवतो. अशा वेळी मूल गोंधळले तर घाबरू नये. "धागा म्हणतो आपटा, हात म्हणतो कांचन, आता काय करायचं?" हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवण्यासारखाच आहे, आणि बहुतेक मुले हाताची बाजू घेतात.

तिसरी खूण शिरांची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण या एका कृतीत जितके शिकणे होते तितके छापील चित्रात रंग भरण्यात होत नाही. पान पालथे घालून त्यावर पातळ कागद ठेवावा आणि वेष्टन काढलेला मेणखडू आडवा धरून हलकेच घासावा. कागदावर शिरा उमटू लागतात तेव्हा वर्गात जी शांतता होते ती प्रत्यक्ष अनुभवावी अशीच असते. पालथे पान यासाठी की शिरा खालच्या बाजूला उठून असतात. खडू उभा धरला तर कागद फाटतो, म्हणून हाताचा दाब आवरणे हीही त्या निमित्ताने बोटांना मिळणारी शिकवण आहे; पुढे पेन्सिल धरताना तीच उपयोगी पडते. आपट्याच्या पानात देठाच्या टोकापासून पंख्यासारख्या पसरणाऱ्या मुख्य शिरा 7 ते 9 असतात, कांचनांमध्ये 9 पासून 15 पर्यंत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाने त्या मोजू नयेत, फक्त प्रत्येक शिरेवरून बोट फिरवावे. मोठ्या गटातल्या मुलांनी मोजाव्यात, आणि 9 शिरांचे पान आले तर पुन्हा स्पर्शाकडे वळावे. जाड असल्याने आपट्याचे पान घासताना जागचे हलत नाही आणि ठसा स्वच्छ येतो, तर कांचनाचे पातळ पान सरकते, त्यामुळे त्याला मागून डिंकाचा ठिपका लावावा लागतो. हा फरकही मुलांच्या लक्षात येतो, फक्त त्यांना तो बोलून दाखवायला वेळ द्यावा लागतो.

पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात का हे पाहणे दोन्ही झाडांच्या बाबतीत सारखेच आहे.

पानांवरून शंका राहिली तरी फुलांवरून ती राहत नाही. दसऱ्याच्या दिवसांत आपट्याला फुले नसतात. त्याची लहान, फिकट पिवळसर पांढरी फुले उन्हाळ्यात येतात. देवकांचन मात्र नेमका शरदात फुलतो. तेव्हा ज्या झाडाखाली जांभळट गुलाबी पाकळ्यांचा सडा पडला आहे आणि ज्याचे पान दुभंगलेले आहे, तो आपटा नव्हे. मुलांना त्या झाडाखाली घेऊन जाऊन पडलेली फुले वेचायला लावावीत, पाकळ्या पाच आहेत का ते पाहावे, आणि मोठ्या गटाने परागकण धरणारे पुंकेसर मोजावेत: देवकांचनात ते बहुधा तीन असतात, उन्हाळी कांचनात पाच. शेंगांतही असाच स्पष्ट फरक आहे. आपट्याची शेंग फुगीर, कोयत्यासारखी वाकलेली असते आणि ती आपोआप उकलत नाही, झाडावरच पुष्कळ महिने लटकत राहते. कांचनाची शेंग चपटी. ती वाळली की एकदम तडकते आणि तिच्या दोन्ही फाका पिळवटून बिया दूर उडतात. या शेंगा ऑक्टोबरात मिळतीलच असे नाही, म्हणून त्या उन्हाळ्यात वेचून डब्यात भरून ठेवाव्यात. आपट्याची वाळकी शेंग हलवली की खुळखुळते, कांचनाची उकललेली फाक गोल जिन्यासारखी दिसते. दोन्ही हाती आल्यावर कुठली कुणाची हे मुले पुन्हा विसरत नाहीत.

झाडाकडे दुरून पाहायलाही शिकवावे. आपटा बुटका, वेडावाकडा, खाली लोंबणाऱ्या फांद्यांचा आणि खडबडीत काळपट सालीचा असतो. त्याच्या सालीचे धागे दोर वळण्यासाठी वापरत. कांचन तुलनेने सरळ वाढतो आणि रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावलेला असतो, म्हणूनच तो शहरात हाताशी सापडतो आणि आपट्याच्या नावावर ओरबाडला जातो.

इथे शरद या शब्दाविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक बालवाड्यांत ऑक्टोबर आला की भिंतीवर लाल-नारिंगी मेपलची पाने चिकटवली जातात आणि त्याला शरद ऋतूचा प्रकल्प म्हणतात. कॅनडात किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी मुलांसाठी ते योग्यच आहे, कारण त्यांच्या खिडकीबाहेर खरोखर तसे झाड आहे. महाराष्ट्रात आश्विन-कार्तिकात झाडे पावसाने भरलेली, हिरवीगार असतात. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, आणि आपटाही पाने गाळतो तो तेव्हाच. बाहेर हिरवे झाड आणि आत कागदाचे लाल पान असे असेल तर मूल डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की भिंतीवर, या पेचात पडते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे केले आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह ते काम चालवले, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून पाने, बिया, खडे, शिंपले यांनाच त्यांनी शिकवण्याचे साहित्य केले. आपटा-कांचनाची टोपली त्याच वाटेवरची आहे.

रघुराजाकडे गुरुदक्षिणेसाठी आलेल्या कौत्साची आणि कुबेराने पाडलेल्या सुवर्णमुद्रांच्या पावसाची गोष्ट दसऱ्याला सांगायलाच हवी, पण ती दोन्ही झाडे ओळखून झाल्यावर सांगावी, म्हणजे मुद्रा कुठल्या झाडावर पडल्या हे ऐकताना मुलांच्या डोळ्यांपुढे तो बुटका, वाकडा आपटा उभा राहतो. आणि प्रत्येक मुलाला एकच पान पुरे. फांद्या तोडून आणलेल्या जुड्या मी वर्गात घेत नाही. पालकांना आधीच तसे कळवते, आणि टोपलीत जमलेली कांचनाची पाने फेकून न देता ठशांसाठी वापरते. आपट्याच्या शेंगेतल्या बिया जून महिन्यात मातीच्या पिशवीत लावायला मोठा गट घेतो.

एक काम मात्र वर्गात होत नाही, म्हणून ते घरी द्यावे. कांचनाचे पान रात्री मधल्या शिरेवर मिटते, दोन्ही अर्धे एकमेकांना टेकतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. पालकांनी मुलाला दिवस मावळताना जवळच्या कांचनाखाली न्यावे, तेच झाड दुसऱ्या दिवशी शाळेत येताना पुन्हा दाखवावे, आणि पाहिलेले पान मुलाने दोन तळहात जोडून-उघडून वर्गात सगळ्यांना करून दाखवावे.