सोरायसिसची झळ हृदयापर्यंत

कोपरावर किंवा गुडघ्यावर लालसर चट्टा उठतो, त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात आणि खाजवले की ते गळून पडतात. डोक्यात असेल, तर वर्षानुवर्षे त्याला कोंडाच समजले जाते. सोरायसिसचे हे रूप सर्वांना दिसते. त्याचे उरलेले अर्धे रूप मात्र रक्तात असते आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

निरोगी त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला सतत चिथावत राहते. म्हणूनच हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आणि रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवणे हा त्याच्यावर निव्वळ अन्याय आहे.

ही चिथावणी देणारी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७ यांसारखी प्रथिने त्वचेपुरती थांबत नाहीत. रक्तावाटे फिरून ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला दाह पोहोचवतात आणि इन्सुलिनच्या कामातही अडथळा आणतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ जोएल गेलफंड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ब्रिटनमधील सुमारे १ लाख ३० हजार सोरायसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांचा प्रभाव हिशेबात धरूनही तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या व्यक्तीला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट आढळला. तिशीत हा धोका मुळातच कमी असतो, त्यामुळे या आकड्याने घाबरून जाऊ नये. पण त्याकडे काणाडोळाही करू नये.

असाच दाह वार्धक्यातही दिसतो. वय वाढते तसा शरीरात मंद दाह धुमसत राहतो, ही कल्पना इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली मांडली. त्यात त्वचेचाही वाटा असावा, असे सुचवणारा एक छोटा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: ३३ वयस्कर व्यक्तींनी महिनाभर दिवसातून दोनदा त्वचेचे आवरण सुधारणारे मलम लावले, तेव्हा त्यांच्या रक्तातील दाहकारक प्रथिनांचे प्रमाण उतरले. त्याने आयुष्य वाढते असे मुळीच सिद्ध होत नाही, तरीही कोरडी, भेगाळलेली त्वचा ही केवळ दिसण्याची बाब नाही, एवढे त्यातून कळते.

अमेरिकेतील २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांनी सोरायसिसला हृदयरोगाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत स्थान दिले आहे. तेव्हा चट्ट्यांसाठी डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाब, साखर आणि चरबीची तपासणीही मागून घ्यावी, आणि सकाळी उठताना बोटे किंवा टाचा आखडत असतील तर तेही आवर्जून सांगावे, कारण बऱ्याच रुग्णांमध्ये हा दाह सांध्यांतही शिरतो. मात्र दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या एकाएकी बंद केल्यावर आजार अंगभर उफाळून येऊ शकतो.