काचेमागची शाळा आणि सरकणारी चांदी

शाळेचा जुना, फ्रेम केलेला ग्रुप फोटो हाती लागला की आपण आधी चेहरे बघतो. एकदा तो खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरून बघा. कडेच्या गडद भागांवर, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या काळ्या कोटावर किंवा मागच्या दाराच्या अंधारात, निळसर धातूसारखी चकाकी दिसते. समोरून ती जवळजवळ लपते. ती चांदी आहे, आणि फोटो धुतला त्या दिवशी ती अशी वर आलेली नव्हती.

कागदावर जिलेटिनचा पातळ, पारदर्शक थर दिलेल्या कृष्णधवल फोटोतला काळा रंग म्हणजे त्या थरात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. लाकडातून आणि हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून निघणारे वायू दमट हवेत या चांदीला गंजवतात. तिचे आयन ओलसर जिलेटिनमधून वर सरकतात आणि पृष्ठभागाशी पुन्हा धातू किंवा सल्फाइड होऊन साचतात. हवा कडेने शिरते, म्हणून सुरुवातही कडेलाच होते.

शाळेच्या फोटोला मुळात गरज होती ती प्रतींची. १८३९ सालच्या दागेरोटाइप या फोटोपद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे, त्यातून दुसरी प्रत निघत नसे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कलोडियन या चिकट द्रावाचा ओला थर देण्याची पद्धत मांडली. तिच्या जोडीला अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद आला आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. हा कागद इतका पातळ, की चिकटवला नाही तर गुंडाळला जाई. जुन्या फोटोंखालचा तो जाडजूड पुठ्ठा आला तो यामुळे. काच ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे आणि मुलांना काही सेकंद निश्चल राहावं लागे. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा निव्वळ शिस्तीचा नव्हता! १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी सुचवलेल्या कोरड्या जिलेटिन काचा पुढे सुधारल्या, तेव्हा क्षणार्धात फोटो निघू लागला.

त्या सुरुवातीच्या काचांना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच कळे. लाल रिबीन काळी उमटे, निळे डोळे फिकट, चेहऱ्यावरचे वांग गडद. त्यामुळे गणवेशाच्या रंगाचा अंदाज अशा फोटोवरून बांधू नये.

मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो हातभर लांबीच्या फोटोंचा. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा तिवईवर गोल फिरे आणि आतली फिल्म एका अरुंद फटीमागून त्याच लयीत सरके. मुलांना कॅमेऱ्याभोवती कमानीत उभं करत. सगळे सारख्याच अंतरावर असल्याने कागदावर ती कमान सरळ रांग होई, आणि मागची सरळ इमारत मात्र वाकडी दिसे. आपल्यावरून कॅमेरा पुढे गेला, की एखादा पोरगा रांगेमागून धावत दुसरं टोक गाठी. एकाच फोटोत दोन्ही टोकांना तोच चेहरा!

तपकिरी झालेला प्रत्येक फोटो ‘सेपिया’ नसतो. मुद्दाम सेपिया केलेल्या फोटोत चांदीचं सल्फाइड केलेलं असतं. ते टिकाऊ असतं, चित्र रेखीव राहतं. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायला वापरलेलं रसायन, नीट धुतला गेला नाही, तर त्यातलं गंधक चांदीवर हळूहळू चढतं. तेव्हा चित्र पिवळं पडतं आणि उजळ भागांतले तपशील, म्हणजे गालांच्या, कपाळाच्या रेषा, आधी पुसतात. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्येच फोटो फिके पडण्याची कारणं शोधायला समिती नेमली होती, आणि उरलेल्या हायपोवर तिने बोट ठेवलं होतं.

उरलेलं नुकसान फ्रेम करते. काच फोटोला टेकलेली असेल तर दमटपणात जिलेटिन तिला चिकटतं. अशा वेळी ओढू नका, तज्ज्ञाकडे न्या. मागची फळी कच्च्या लाकडाची असेल, तर तिच्यातल्या गाठीचा तपकिरी डाग पुठ्ठ्यावर उतरतो. अशी फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा, पण फेकू मात्र नये. मुलांची नावं पुष्कळदा तिच्यावरच, पेन्सिलीने, रांगेच्या क्रमाने लिहिलेली सापडतात.