हिरड्याचं झाड कुणाचं? कोल्हापूरच्या जंगलकथांची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात एका मुलीची कथा वाचायला मिळाली. मुलगी धनगरवाड्यातली, शिकायला कोल्हापुरात. कथेत आजी अंगणात हिरडा वाळत घालत असते. सरकारी माणूस विचारतो, "इथं कधीपासून राहता?" आजी साल सांगत नाही. सासरा कुठल्या हिरड्यावरून पडला, थोरला कुठल्या आंब्याखाली जन्मला, एवढंच सांगत राहते.

त्या सरकारी प्रश्नाचं मूळ कायद्यात आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आले. पण सरकारदरबारी त्यांची नोंद अनुसूचित जमातींत नाही, भटक्या जमातींत आहे. त्यामुळे 2006 च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात आणि त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कुडाच्या घरात एवढे जुने कागद कुठून टिकणार? नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. म्हणून आजीचं ते बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

दाजीपूरचं जंगल पूर्वी संस्थानचं शिकारीचं रान होतं. 1958 मध्ये ते गव्यांसाठी राखलं गेलं, राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून. 1985 मध्ये राधानगरी अभयारण्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटरपर्यंत झाला. शेजारचं चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. जंगल राखायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वारणेचं धरण आणि चांदोलीचं उद्यान यांपायी गावंच्या गावं उठली, देव आणि थडगी मागे राहिली. ते दुःख कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

ते कादंबरीत आलं. शाहूवाडीतल्या नेर्ल्याचे विश्वास पाटील यांच्या धरणग्रस्तांवरच्या 'झाडाझडती'ला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तर पन्हाळा तालुक्यातले कृष्णात खोत यांच्या विस्थापितांवरच्या 'रिंगाण'ला 2023 चा. दुसरी वाट भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची, 1980 पासून ठळक झालेली. याच कोल्हापुरात 1918 मध्ये शाहू महाराजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी बंद केली होती. ती माणसं स्वतःच्या तोंडून बोलायला मात्र पुढं साठेक वर्षं गेली.

आत्मकथनात 'माझं काय झालं' हे येतं. आता लिहू लागलेल्या मुलांना गव्याचं, ओढ्याचं, वणव्याचंही सांगायचंय, म्हणून ती कथेकडे वळली असावीत. बोली घरचीच ठेवतात. सडा, खोपी, कुमरी या शब्दांना तळटीप देत नाहीत, हे मला फार आवडतं.

त्या मुलीनं आजीची झाडं एका वहीत उतरवायला घेतली आहेत. प्रत्येकासमोर माणसाचं नाव. आतापर्यंत अकरा झाली.