बर्फाच्या पोकेमॉनला भीती कशाची?

मे महिन्यात भाचा इंदूरला आला की रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात चक्कर ठरलेली. यंदा वाटभर पोकेमॉन या व्हिडिओ गेमबद्दल त्याची एकच तक्रार चालली होती. त्यातल्या काल्पनिक प्राण्यांचे, म्हणजे पोकेमॉनचे, आइस (बर्फ), फायर (आग), रॉक (खडक), स्टील (पोलाद), फायटिंग (मारामारी) असे टाइप, म्हणजे प्रकार, असतात. "मावशी, आइस टाइपचे पोकेमॉन दिसायला सगळ्यांत भारी, पण खेळात सगळ्यांत कच्चे! फायर, रॉक, स्टील, फायटिंग, चौघांकडून दुप्पट मार खातात. आणि त्यांना सोसतं काय, तर फक्त बर्फ."

मला ही यादी फार आवडली, कारण तिच्यात खरं पदार्थविज्ञान आहे. ते बघायला गोळ्याच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. रात्रीचे दहा वाजले तरी हवा तापलेलीच होती, पण गोणपाटात गुंडाळलेली लादी मजेत टिकून होती. एक ग्रॅम बर्फ वितळवायला 334 ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं! मग गाडीवाल्याने लादीवर सळईचं टोक टेकवलं आणि वरून एकच ठोका दिला. टक्! पांढरी भेग या कडेपासून त्या कडेपर्यंत धावली आणि लादीचे दोन तुकडे झाले. माझं मत विचाराल तर आइस टाइपला फायरपेक्षा रॉक आणि फायटिंगचा मार जास्त बसायला हवा.

लोखंडाची तार वाकवली तर आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि जोर जिरून जातो. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि तिथे हे सरकणं फारच मंद चालतं. अचानक ठोका बसला की सरकायला सवडच मिळत नाही, जाळी तडकते. मात्र तोच जोर वर्षानुवर्षं सावकाश लागला तर बर्फ चक्क वाहतो. हिमालयातल्या हिमनद्या अशाच स्वतःच्या वजनाने उतार उतरत असतात. पाठीवर बर्गमाइट या छोट्या पोकेमॉनचा कळप घेऊन फिरणारा 505 किलोचा अव्हॅलग हा आइस पोकेमॉन मला म्हणूनच पटतो. ओझं तो पेलेल, पण हातोडा सोसणार नाही.

आयस्क्यू या पेंग्विनसारख्या पोकेमॉनच्या बाबतीत तर खेळ रचणाऱ्यांनी कमालच केली आहे. त्याच्या डोक्यावरचा बर्फाचा ठोकळा अंगावर आलेला एक घाव झेलतो आणि फुटतो. बर्फ पडू लागला की ठोकळा पुन्हा तयार!

पण माझा लाडका क्रायोगोनल. 2010 साली आलेला हा पोकेमॉन म्हणजे एक सपाट, षटकोनी हिमस्फटिक. अंग तापलं की तो वाफ होऊन नाहीसा होतो, गारवा आला की पुन्हा बर्फ. हिमकणाला सहाच कोपरे का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1611 मध्ये मांडला होता. त्याचं उत्तर रेणूंच्या त्या षटकोनी जाळीत आहे. पुढे पोकेमॉनच्याच देशात, जपानच्या होक्काइदोत, भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. स्फटिकाचा आकार तापमान आणि ओलावा ठरवतात, हे त्यांनी दाखवून दिलं. उणे 5 अंशांच्या आसपास सुया आणि खांब तयार होतात. उणे 15 च्या जवळपास, भरपूर ओलावा असेल तर, फांद्याफांद्यांच्या सहा हातांची चांदणी फुलते. म्हणजे क्रायोगोनलचं जन्मस्थान असलंच तर असा एखादा ढग.

"पण इंदूरला कुठे पडतो बर्फ?" गोळा चोखत भाच्याने विचारलं.

पडत नाही, पण तयार होतो. पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या उंच ढगांत, साधारण पाच किलोमीटरच्या वर, तापमान शून्याखाली असतं. तिथे जन्मलेले स्फटिक खाली येताना वितळतात. श्रावणात राजवाड्यावर धो धो कोसळणाऱ्या सरींमधले कितीतरी थेंब वर असताना बर्फाचेच होते.