सदस्यता प्लगिन

सदस्यता प्लगिन : पैसे भरलेल्या वाचकालाच संकेतस्थळावरचा ठरावीक मजकूर, व्हिडिओ किंवा फाइली उघडता याव्यात म्हणून मूळ प्रणालीला जोडायचा पूरक प्रोग्राम. वसुली प्रत्यक्षात पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, करतो. कोणत्या खात्याला काय पाहण्याचा हक्क आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत, याची वही ठेवणे हे प्लगिनचे खरे काम. ही नोंद मुख्यतः वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीपुरती आहे.

संज्ञेबाबत एकमत नाही. ‘वर्गणीदार’ हा नियतकालिकांच्या व्यवहारातला शब्द : वर्गणी संपली की पुढचा अंक येत नाही, पण आलेले अंक घरातच राहतात. ‘सभासद’ हा वाचनालयांचा शब्द : सभासदत्व संपले की पुस्तक परत करायचे. नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून असल्याने हा दुसरा व्यवहार इथल्या वाचकाच्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र सहकारी संस्थांत सभासदाला मताचा हक्क असतो, म्हणून काही जण तो शब्द टाळतात. ‘सदस्य’ त्यातल्या त्यात निर्धोक वाटतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मुदत संपल्यावर जुना मजकूर उघडा ठेवायचा की सगळेच बंद करायचे, हे प्लगिन बसवतानाच ठरवावे लागते आणि सदस्याला पैसे भरण्यापूर्वी सांगावे लागते.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार सुरुवात एमेंबरसारख्या स्वतंत्र स्क्रिप्टांपासून धरावी. त्या संकेतस्थळाच्या बाहेर राहून फोल्डरला कुलूप लावत. दुसरे मत वर्डप्रेसच्या अंतर्गत रचनेला महत्त्व देते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ची. त्या काळी फेरफार ‘माय-हॅक्स’ नावाच्या एकाच फाइलीत लिहीत. मे २००४ मधील १.२ आवृत्तीत हुक, म्हणजे बाहेरचा प्रोग्राम अडकवायच्या ठरावीक जागा, आले आणि मूळ प्रोग्रामला हात न लावता जोड देता येऊ लागली. तरीही वापरकर्त्यांची प्रतवारी ० ते १० अशा पातळ्यांनीच होई. डिसेंबर २००५ च्या २.० आवृत्तीत भूमिका व क्षमता आल्या, तेव्हाच ‘या खात्याला हे पाहता येईल’ असे नेमके लिहिणे शक्य झाले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सदस्यता प्लगिनांपैकी विशलिस्ट मेंबर साधारण २००८ चा, पेड मेंबरशिप्स प्रो २०११ च्या सुमाराचा आणि मेंबरप्रेस त्यानंतरचा.

कुलूप नेमके कुठे बसते, हा निवडीतला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. बहुतेक प्लगिन पान दाखवताना मजकूर गाळतात. पण अपलोड्स फोल्डरमधली पीडीएफ फाइल सर्व्हर थेट देतो. त्या वाटेवर वर्डप्रेस जागे होतच नाही. पानाला कुलूप असले तरी फाइलीचा पत्ता व्हॉट्सॲपच्या गटात गेला की ती कोणालाही उघडते. आरएसएस फीड (नव्या मजकुराची आपोआप निघणारी यादी) आणि रेस्ट एपीआय (इतर प्रोग्रामना मजकूर देणारी सोय) या आणखी दोन मागच्या वाटा. चौथी अडचण कॅशची, म्हणजे पाने लवकर उघडावीत म्हणून ठेवलेल्या तयार प्रतींची : सदस्यासाठी तयार झालेले पान कॅशमध्ये साठले, तर तेच पुढच्या पाहुण्याला मिळू शकते. म्हणून प्लगिन घेण्याआधी दुसऱ्या ब्राउझरमधून, लॉग-इन न करता, या चारही वाटांनी आत शिरून पाहावे.

मुदतीचाही असाच एक बारकावा आहे. वर्डप्रेसचे वेळापत्रक स्वतःहून चालत नाही. कोणी पान उघडले तरच ते तपासले जाते. पावसाळ्यात भेटी रोडावल्या की मुदत संपल्याची नोंद आणि स्मरणपत्रे दोन्ही रेंगाळतात. सर्व्हरवर स्वतंत्र क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय, लावणे हा उपाय.

भारतात निवडीला वेगळे वळण लागते ते पैशांच्या नियमांमुळे. परदेशी प्लगिनांचा भर स्ट्राइप व पेपाल या गेटवेंवर असतो. पेपालने भारतांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून थांबवले. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाने कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना आवश्यक ठरली. ओटीपीशिवाय वसुलीची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. यूपीआयवरून आपोआप वसुलीची सोय, यूपीआय ऑटोपे, जुलै २०२० ची. त्यामुळे रेझरपेसारख्या देशी गेटवेशी नीट बोलणारी जोड आहे का, हे वैशिष्ट्यांची यादी वाचण्याआधी पाहावे. ‘खात्यातून पैसे गेले, पण पान उघडत नाही’ ही तक्रार बहुधा गेटवेचा वेबहुक, म्हणजे पैसे मिळाल्याचा संकेतस्थळाला आपोआप येणारा निरोप, सुरक्षा प्लगिनने अडवल्याने येते. उलट एकच वेबहुक दोनदा आला, तर मुदत दुप्पट वाढता कामा नये.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षसल्ल्याचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. इथे मासिक वर्गणी गैरसोयीची. बागायतदार हिशेब हंगामाचा करतो. निफाड-दिंडोरीकडे फळछाटणी साधारण ऑक्टोबरात होते, सटाणा-कळवणकडच्या आगाप बागा त्याआधीच छाटतात. ‘प्लॉट किती दिवसांचा?’ या प्रश्नाचे उत्तर छाटणीपासून मोजतात. टप्प्याटप्प्याने मजकूर उघडणारे प्लगिन मात्र सहसा नोंदणीच्या तारखेपासून दिवस धरतात. छाटणीनंतर विसाव्या दिवशी पैसे भरणाऱ्याला पहिल्या दिवसाचा सल्ला आला, तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका ऐन भरात असताना त्याच्या हाती छाटणीनंतर लगेच काडीला पेस्ट लावण्याची माहिती पडते. अर्जात छाटणीची तारीख घेऊन तीच आरंभ धरता येईल, असाच प्लगिन इथे उपयोगी. दुसरी गरज मोबाइल क्रमांकाने प्रवेशाची : वर्डप्रेसची मूळ नोंदणी ई-मेलवर उभी आहे, आणि बांधावर उभ्या माणसाला आपला ई-मेल आठवेलच असे नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासेसना ध्वनिमुद्रित तासांसाठी बॅचनिहाय मुदत पुरते.

परवान्याचे वार्षिक नूतनीकरण चुकले की प्लगिन सहसा चालत राहतो, पण सुरक्षा-सुधारणा थांबतात. अद्यतन आधी चाचणीच्या प्रतीवर करून पाहावे आणि त्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा. प्लगिन बदलताना नावे व ई-मेल सहज निर्यात होतात. प्रत्येकाची अंतिम तारीख आणि गेटवेकडचा वर्गणी क्रमांक बहुधा त्या प्लगिनच्या स्वतःच्या तक्त्यांत अडकलेला असतो. हे दोन रकाने निर्यातीत येतात का, ते खरेदीपूर्वीच विचारावे. गेटवेच बदलला, तर आपोआप वसुलीची संमती प्रत्येक सदस्याकडून नव्याने घ्यावी लागते. असा बदल छाटणीपूर्वी, नूतनीकरणे सुरू होण्याआधी उरकणे सोयीचे.